जहाजाच्या तळाशी उतरलेला पाद्री

ऑस्ट्रेलियाचा इतिहास सांगताना वक्ते बहुधा मेंढ्या आणि सोन्याच्या खाणी यांपासून आरंभ करतात. आज मी जहाजाच्या तळापासून करणार आहे.

जानेवारी १७८८ मध्ये इंग्रज सरकारने आपले बंदिवान अकरा जहाजांच्या ताफ्यातून सिडनीच्या किनाऱ्यावर आणले. त्यांच्यासाठी रिचर्ड जॉन्सन हा एकच पाद्री नेमलेला होता. ३ फेब्रुवारीस त्याने एका झाडाखाली पहिली उपासना चालविली.

खरी कसोटी जून १७९० मध्ये लागली. दुसरा ताफा आला. गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या एका कंपनीला त्याचे कंत्राट होते. कंत्राटाची कलमे आधी वाचावीत, अशी आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना खोडच असते. येथले कलम असे, की पैसे चढविलेल्या डोक्यांमागे. जिवंत किती उतरले याला मोल नाही! निघालेल्या हजारावर बंदिवानांपैकी सुमारे चौथा हिस्सा वाटेतच मेला. जॉन्सन ‘सरप्राइझ’ जहाजाच्या तळाशी उतरला. माणसे उघडीनागडी, उठण्याचीही शक्ती नसलेली पडली होती. ‘नेपच्यून’ या जहाजावर तर त्याची पायरी उतरण्याची छाती झाली नाही, आणि हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले. बंदरात फेकलेली प्रेते किनाऱ्याला लागू लागली, तेव्हा त्याने गव्हर्नरपुढे गाऱ्हाणे मांडले. पुढे ‘नेपच्यून’च्या कप्तानावर लंडनमध्ये खटला झाला, १७९२ साली तो निर्दोष सुटला. त्याच कंपनीला १७९१ च्या ताफ्याचेही कंत्राट मिळाले होते, हे ऐकून आपणांपैकी कोणाला नवल वाटेल असे मला वाटत नाही.

पाद्रीबुवांना सरकारने पाच वर्षे चर्च काही बांधून दिले नाही. अखेर १७९३ साली त्याने कुडाच्या भिंती आणि गवती छपराचे चर्च स्वखर्चाने उभारले. सुमारे ६७ पौंड लागले. वसाहतीत नाण्यांचा तुटवडा, म्हणून मजुरांना मजुरीचा काही भाग दारूच्या रूपाने द्यावा लागला. दारूबंदीवर व्याख्यान देणाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालाव्यात; पण ती सोय पाद्रीने काढलेली नव्हती, वसाहतीचा व्यवहारच तसा होता. खर्चाची भरपाई मागितली, तर ग्रोस हा लष्करी अधिकारी आडवा आला. पैसे पुष्कळ उशिरा मिळाले.

पुढे गव्हर्नर हंटर याने उपासनेस हजेरी सक्तीची केली. १ ऑक्टोबर १७९८ रोजी ते चर्च जळाले. आग बंदिवानांनी लावली असे तेव्हा सर्वांनी धरले. माझेही मत तसेच आहे. ज्यांना हजेरीपटावर बेड्यांसकट मोजले जाई, त्यांना हे चर्च आणखी एक हजेरीपटच वाटले असेल. बक्षीस जाहीर होऊनही कोणी साथीदाराचे नाव सांगितले नाही.

दोन वर्षांनी जॉन्सन कुटुंबासह इंग्लंडला परतला.