ठिणगी आणि दाब: कंपनीचं इग्निशन टर्बोपुढे किती टिकतं?

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यातच एका तरुण श्रोत्याने मला गाठलं. त्याच्याकडे टर्बोची पेट्रोल गाडी आहे, बूस्ट वाढवून घेतलाय, आणि चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की गाडी आचके देते. एक गॅरेजवाला म्हणतो, कंपनीची कॉइल एवढा बूस्ट ओढत नाही, सगळं इग्निशन बदला. दुसरा म्हणतो, कशाला, प्लगचा गॅप कमी करा. दोन्ही सल्ल्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. "सर, खरं कोण बोलतंय?" मी म्हटलं, पुढच्या वेळी सगळ्यांसमोरच सांगतो, कारण हा प्रश्न तुझ्या गाडीपेक्षा पुष्कळ जुना आहे.

सुरुवात मोटारीपासून नाही, प्रयोगशाळेपासून करावी लागते. 1889 साली फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने एक नियम मांडला. दोन धातूंच्या टोकांमध्ये ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील, हे वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. आपल्या कामापुरता अर्थ असा: दाब वाढवलात तर व्होल्ट तरी वाढवा, नाहीतर अंतर तरी कमी करा. काटेकोर बोलायचं तर दाबापेक्षा घनता म्हणायला हवं, कारण सिलिंडरमधली हवा दाबली जाताना तापतेही. साध्या हवेत एका मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. तीच हवा पिस्टनने आठ-दहा पट दाबली की गरज दहा-वीस हजारांच्या घरात जाते. टर्बो काय करतो? पिस्टनच्या आधीच हवा दाबून आत पाठवतो. म्हणजे गुणाकारात आणखी एक आकडा आला.

आता ठिणगी देणाऱ्याकडे बघू. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याबरोबर चालणारा स्पार्क प्लग तयार केला. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्कोने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची पद्धत रूढ केली. ज्यांनी जुनी अ‍ॅम्बॅसडर किंवा फियाट चालवली आहे त्यांना ही ओळखीची आहे. पॉइंट घासायचे, कंडेन्सर बदलायचा, मायकोचा प्लग काढून पॉलिश पेपरने पुसायचा. पॉइंट बंद असताना कॉइलमध्ये करंट साठतो, पॉइंट उघडले की ठिणगी. सगळी गोम त्या साठण्याला मिळणाऱ्या वेळेत आहे.

हिशेब करून बघा. चार सिलिंडरचं इंजिन 6,000 आरपीएमला सेकंदाला 200 ठिणग्या मागतं. म्हणजे एका ठिणगीमागे 5 मिलिसेकंद, आणि त्यातला साठेक टक्के वेळच पॉइंट बंद. तीन मिलिसेकंदांत जुन्या धाटणीच्या कॉइलमध्ये करंट पुरता चढतच नाही. करंट कमी म्हणजे साठलेली ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी. इंजिन जितकं पळतं तितकी ठिणगी दुबळी, असा हा उलटा कारभार आहे.

या दोन गोष्टींची पहिली गाठ कुठे पडली? 1918 मध्ये, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या डोंगरावर. जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन टर्बोसकट डोंगरमाथ्यावर, 14,000 फुटांच्या वर नेलं. समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणाऱ्या त्या इंजिनाने वर 356 दिली. लिबर्टीचं इग्निशन कोणाचं होतं? डेल्कोचं, बॅटरी-कॉइलचं. तेव्हा कंपनीच्या इग्निशनने टर्बो पेलल्याचं हे पहिलं मोठं उदाहरण म्हणायला हरकत नाही. फक्त एक लक्षात घ्या. तिथला टर्बो विरळ हवेची भरपाई करून समुद्रसपाटीचा दाब परत आणत होता. प्लगपाशी दाब नेहमीचाच होता, जास्तीचं ओझं नव्हतं.

खरी अडचण पुढे आली, आणि ती प्लगपाशी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धात टर्बो लावलेली विमानं 30,000 फुटांच्या आसपास उडू लागली. तिथे बाहेरचा दाब जमिनीवरच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नसतो. सिलिंडरच्या आत टर्बोने भरलेली घट्ट हवा, आणि मॅग्नेटोच्या डब्यात विरळ हवा. ठिणगी बिचारी काय करणार? पाण्यासारखी ती सोपी वाट शोधते. प्लगवर उडी मारण्याऐवजी ती मॅग्नेटोच्या आतच, नाहीतर वायरच्या वेटोळ्यात, धातूला जाऊन भिडायची. पाशेनचाच नियम, एकाच इंजिनात दोन्ही बाजूंनी नडत होता. यावर उपाय म्हणून मॅग्नेटोच्या डब्यातच दाबाची हवा भरली गेली. युद्धानंतरच्या मोठ्या इंजिनांत आणखी चांगली युक्ती आली: वायरीतून कमी व्होल्ट न्यायचे आणि प्रत्येक सिलिंडरशेजारी स्वतंत्र कॉइल बसवून तिथेच ते वाढवायचे.

हा भाग मी लांबवला तो मुद्दाम. आजही बूस्ट वाढवल्यावर आचके देणाऱ्या कितीतरी गाड्यांत कॉइल धडधाकट असते. प्लगवरच्या रबरी बुटाला चीर गेलेली असते, किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळी रेघ उमटलेली असते. दाब कमी असतो तोवर ठिणगी सरळ वाटेने जाते. दाब वाढला की त्या चिरेतून पळते.

रस्त्यावरच्या गाड्यांत टर्बो आला 1962 मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेर यांत. जेटफायरचा बूस्ट होता 5 पीएसआय, म्हणजे एक तृतीयांश बार, आणि इग्निशन तेच पॉइंटवालं. त्या गाडीचं नाव बिघडलं ते वेगळ्याच कारणाने. नॉकिंग टाळायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण बाटलीतून सोडावं लागायचं, आणि मालक ती बाटली भरायला विसरायचे. असो.

1975 च्या पोर्शे 911 टर्बोमध्ये बूस्ट 0.8 बार. इथे मला तुम्हाला एक गुणाकार दाखवायचाय. साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेआठ धरा. टर्बोच्या इंजिनाचं पोर्शेने उतरवून 6.5 ठेवलं. 6.5 गुणिले 1.8, म्हणजे साधारण 11.7. साडेआठवरून पावणेबारा. हा कच्चा हिशेब आहे, तापमान धरलेलं नाही, पण ठिणगीचं ओझं ऐंशी टक्क्यांनी न वाढता चाळीसच टक्के वाढलं. कॉम्प्रेशन उतरवलं होतं ते नॉकिंगसाठी, फायदा इग्निशनलाही झाला. शिवाय तिथे पॉइंट नव्हते. कपॅसिटर डिस्चार्ज, म्हणजे सीडीआय होतं. कपॅसिटर आधीच भरून ठेवलेला, एका झटक्यात रिकामा होतो, त्यामुळे व्होल्ट इतक्या वेगाने चढतात की त्यांना गळायला वेळच मिळत नाही.

मग शर्यती. नेल्सन पिके 1983 मध्ये ब्रॅबम-बीएमडब्ल्यूवर फॉर्म्युला वनचे विजेते झाले, टर्बो इंजिनावरचे पहिले. त्या दीड लिटरच्या इंजिनाचा ब्लॉक रस्त्यावरच्या गाडीच्या ब्लॉकवरून आलेला होता, हे लोक फार कौतुकाने सांगतात. पण इग्निशन? ते बॉशचं इलेक्ट्रॉनिक, इंधनासकट संगणकाच्या ताब्यात. लोखंड कारखान्याचं चाललं, ठिणगी मात्र नवी लागली. पुढे नियमांनी 1987 ला बूस्ट 4 बारवर, 1988 ला अडीच बारवर आणला आणि 1989 पासून टर्बो बंदच झाला.

त्या दशकात साबने प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आणली. विमानवाल्यांची जुनी युक्ती मोटारीत आली. आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत हेच असतं. मघाचा हिशेब आठवा. चार कॉइल झाल्या, म्हणजे 6,000 आरपीएमला प्रत्येकीला 5 ऐवजी 20 मिलिसेकंद मिळाले. म्हणून "कंपनीचं इग्निशन" हा एक शब्द म्हणून वापरला की घोटाळा होतो. 1962 चं कंपनीचं आणि आजचं कंपनीचं यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही.

तर आता त्या तरुण मित्रासाठी. आधी बघ, आचके कुठे बसतात. मधल्या आरपीएमला, गाडी सगळ्यात जोरात ओढते तिथे बसत असतील तर दाबाचा संशय घे, कारण सिलिंडर तिथेच सगळ्यात जास्त भरतो. फक्त शेवटच्या टोकाला बसत असतील तर कॉइल भरायला वेळ पुरतोय का, ते बघ. प्लग नवे घाल, गॅप 0.8 असेल तर 0.6 कर, बूट उजेडात धरून तपास. एवढ्याने आचके थांबले तर दुसरा गॅरेजवाला बरोबर. गॅप फार कमी करू नकोस, आयडलिंगला गाडी थरथरेल. आणि थांबले नाहीत तरच कॉइलच्या दुकानात जा. तोवर तशीच दामटू नकोस, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

एक मात्र पहिल्या गॅरेजवाल्याला विचार: बूस्ट वाढवताना इंधन आणि टायमिंगचं काय केलं? मिश्रण एकदा नीट पेटलं की जास्त जोरदार ठिणगीने ताकद वाढत नाही. आणि ठिणगी चुकली तर आचका बसतो, पण मिश्रण आपणहून पेटायला लागलं तर पिस्टन जातो. त्याच्यावर कुठलीही कॉइल उपाय नाही.

वेळ झालीय. मागे हात वर दिसतोय, माईक तिकडे द्या.