लेखणी, थर आणि पुष्पिका : संपादित प्रतिमेच्या इतिहासातील बंगळुरू

मराठीत ग्रंथाचे 'संपादन' होते, चित्रपटाचे 'संकलन' होते आणि छायाचित्राचे, स्टुडिओतील जुन्या बोलीप्रमाणे, 'टचिंग' होत असे. संगणकाच्या आगमनानंतर हा तिसरा शब्द मागे पडला आणि छायाचित्राचेही 'संपादन' होऊ लागले. शब्दाचे हे स्थलांतर केवळ सोयीपोटी झाले असेल. परंतु त्यातून एक जबाबदारी आपोआप येते. ग्रंथसंपादनाला जे प्रश्न विचारले जातात तेच छायाचित्रालाही विचारणे क्रमप्राप्त ठरते. मूळ प्रत कोणती? बदल कोणाच्या हातचा? आणि तो बदल झाला आहे हे वाचकाला कळू दिले आहे काय? ग्राफिक्स टॅब्लेट, म्हणजे लेखणीने रेखाटन करण्याचा संगणकीय फलक, या साधनाचा इतिहास याच प्रश्नांच्या अंगाने तपासता येतो. बंगळुरू हे शहर त्यासाठी विशेष उपयुक्त आहे. कारण भारतीय लिपींसाठीची लेखणी, चित्रकथांचा संगणकीय स्टुडिओ आणि छायाचित्राचीच चिकित्सा करणारी कला या तिन्ही गोष्टी तेथे २००० ते २०१० या एकाच दशकात शेजारी नांदल्या.

१. काच आणि शिळा

छायाचित्रावर हात फिरवण्याची प्रथा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. पुढील अर्धशतकात व्यावसायिक छायाचित्रकारांच्या स्टुडिओंमध्ये काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरील डाग भरून काढणे आणि कागदावरील छापावर जलरंग अथवा तैलरंग चढवणे ही नित्याची कामे झाली. संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या व्यक्तिचित्रांत रंग कधी इतका दाट असे, की खालचे छायाचित्र जवळजवळ झाकले जाई. चेहरेपट्टी कॅमेऱ्याची आणि शेला, दागिने, गालिचा चित्रकाराचा, अशी वाटणी होई. पाहणाऱ्याला त्यात फसवणूक वाटत नसे. मराठीत 'चित्र काढणे' आणि 'फोटो काढणे' यांसाठी एकच क्रियापद आहे, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. यंत्राचे काम आणि हाताचे काम यांत भाषेने पक्की भिंत उभारलेली नव्हती.

मुद्रणाच्या क्षेत्रातही हीच प्रक्रिया दुसऱ्या रूपात घडत होती. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला. रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागे. मूळ तैलचित्रात एकजीव झालेले रंग शिळाकाराला आधी मनात वेगळे करावे लागत आणि मग एकावर एक छापून पुन्हा एकत्र आणावे लागत. घराघरांत पोहोचलेली लक्ष्मी वा सरस्वती ही एका चित्रकाराची निर्मिती मानली गेली, तरी कागदावर ती अनेक हातांची आणि अनेक थरांची रचना होती.

या दोन्ही परंपरांचा संगम धुंडिराज गोविंद फाळके यांच्या पूर्वायुष्यात दिसतो. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी, रविवर्मा छापखान्यासाठी केलेले काम आणि नंतर स्वतःचा मुद्रणव्यवसाय हा त्यांचा क्रम सर्वज्ञात आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'कडे भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून पाहिले जाते. पण त्यामागे छायाचित्र हे अंतिम नसून त्यावर पुढे काम करायचे असते, ही मुद्रकाची आणि रेखाटनकाराची समज होती. फाळक्यांचे चमत्कारदृश्य हे या अर्थाने संपादित छायाचित्रच होय.

या सर्व जुन्या पद्धतींचा एक समान विशेष आहे. बदल वस्तूतच शिल्लक राहतो. काचेवरची पेन्सिल काच तिरपी धरली असता दिसते; छापावरचा रंग भिंगाखाली कागदापासून वेगळा ओळखू येतो. बंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावर २०२३ मध्ये प्रत्यक्ष खुल्या झालेल्या 'म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी' या संग्रहालयाच्या संग्रहात अशी रंगवलेली छायाचित्रे आहेत. अभ्यासकाला त्यांतील दोन हात आजही वेगळे करता येतात. रंगवलेले छायाचित्र आपल्या संपादनाची साक्ष स्वतःच्या अंगावर वागवते.

२. फलकावरची लेखणी

संगणकाला लेखणी जोडण्याचा प्रयत्न १९६० च्या दशकातला. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटी येथे 'स्केचपॅड' सिद्ध केले. त्यात प्रकाशलेखणी थेट पडद्यावर टेकवावी लागे. १९६४ मध्ये अमेरिकेतील रँड संस्थेने जो फलक तयार केला, त्यात लेखणी मेजावरच्या आडव्या पृष्ठभागावर चाले आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटे. फलकाखाली बारीक तारांची जाळी होती आणि तिच्यामुळे लेखणीचे स्थान यंत्राला कळत असे. या फलकाचा उपयोग आकृत्या काढण्यासाठी तसाच हस्ताक्षर ओळखण्याच्या प्रयोगांसाठीही झाला. म्हणजे लेखन आणि रेखाटन यांच्या सीमेवरच या साधनाचा जन्म झाला. संस्कृतातील 'लिख्' या धातूत कोरणे, लिहिणे आणि चित्र काढणे हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. उषेसाठी राजपुत्रांची चित्रे काढून अनिरुद्धाची ओळख पटवणाऱ्या सखीचे नावही चित्रलेखाच आहे. आधुनिक यंत्राने ही जुनी एकात्मता नकळत पुन्हा मांडली.

१९८३ मध्ये जपानमध्ये स्थापन झालेल्या वाकॉम कंपनीने बिनतारी लेखणी प्रचारात आणली. फलकातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवरच ती चालत असल्याने तिला बॅटरीचीही गरज राहिली नाही. लेखणी किती जोराने टेकली हेही यंत्राला कळू लागले. १९९८ च्या सुमारास दाबाच्या १०२४ पायऱ्या मोजल्या जात, पुढे त्या ८१९२ पर्यंत गेल्या. उंदराने रेघ ओढता येत होती. तिला जाडी, कंप आणि संकोच देता येत नव्हता. लेखणीने चित्रकाराचा हात त्याला परत मिळवून दिला. मात्र हात मेजावर आणि नजर पडद्यावर, अशी ताटातूट सोसण्याची सवय त्याला करावी लागली.

याच काळात थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेली 'फोटोशॉप' ही प्रणाली १९९० मध्ये बाजारात आली. तिच्यातील 'डॉज' आणि 'बर्न' या साधनांची नावे डार्करूममधून घेतलेली होती. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. शिळाकाराने दगडावर जे केले, तेच आता पारदर्शक थरांवर होऊ लागले. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत 'हिस्टरी' ही सोय आली. कलावंताने कोणती कृती कोणत्या क्रमाने केली याची यादी पडद्याच्या कडेला दिसू लागली आणि मागे जाता येऊ लागले. परंतु फाइल बंद केली की ही यादी पुसली जाते. त्याचप्रमाणे प्रसिद्धीसाठी चित्र पाठवताना थर एकत्र मिसळून टाकले जातात आणि वाचकाच्या हाती पडते ती एकसपाट प्रत. रंगवलेल्या छायाचित्रापासून संगणकीय संपादनाचा खरा भेद येथे आहे. हात पूर्वीही होता, आताही आहे. पूर्वी त्याचा माग राहत असे, आता तो राहीलच असे नाही.

३. बंगळुरूतील तीन उत्तरे

भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांच्या सहकार्यातून १९९९ मध्ये सिम्प्युटर न्यास उभा राहिला. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला आणि २००४ मध्ये 'अमिडा सिम्प्युटर' विक्रीस आला. कळफलक न येणाऱ्या माणसालाही हाताळता यावा असा, स्पर्शपटल आणि लेखणी असलेला हा छोटा बहुभाषिक संगणक होता. त्याच दशकात बंगळुरूतील एचपी लॅब्स इंडिया या प्रयोगशाळेत देवनागरी, कन्नड आदी लिपींसाठी लेखणीने चालवायचा 'जेस्चर कीबोर्ड' विकसित झाला. फलकावर व्यंजनांची घरे आखलेली असत. हव्या त्या घरात लेखणीने वेलांटी, उकार वा मात्रेची खूण काढली की अक्षर सिद्ध होई. टंकयंत्राच्या कळफलकाने अक्षराचे तुकडे करून ते एकापुढे एक मांडायला शिकवले होते. येथे मात्रा पुन्हा व्यंजनाच्या भोवती, हाताच्या वळणाने येऊ लागली. बाजारात या दोन्ही साधनांना दीर्घ आयुष्य लाभले नाही. तरी अक्षर ही रेखाटलेली वस्तू आहे याचे स्मरण त्यांनी करून दिले.

दुसरे उत्तर चित्रकथेचे. 'अमर चित्र कथा'च्या काळात राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या मराठी चित्रकारांच्या रेषेवर संपूर्ण मालिकेची ओळख उभी होती. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'व्हर्जिन कॉमिक्स'चा स्टुडिओ बंगळुरूत होता; २००८ मध्ये या संस्थेचे 'लिक्विड कॉमिक्स' असे रूपांतर झाले. तिच्या 'रामायण ३३९२ एडी' या मालिकेत रामकथा दूरच्या भविष्यकाळात नेलेली आहे. लेखन शमिक दासगुप्ता यांचे आणि चित्रे अभिषेक सिंग यांची. या पिढीच्या चित्रकथेत रेखाटन, संगणकीय रंगकाम आणि अक्षरलेखन ही कामे निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात आणि श्रेयनामावलीत त्यांचा पृथक् उल्लेख होतो. संत एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडात थांबले आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, हे परंपरेने लपवले नाही. बहुहस्ती रचना ही रामकथेला नवी नाही. कोणाचा हात कोठे, हे सांगण्याची रीत तेवढी बदलली आहे. श्रेयनामावली नावे देते, पण एखाद्या चौकटीतील कोणती छटा कोणाची, हे सांगू शकत नाही. ते ज्ञान थरांत असते आणि थर वाचकापर्यंत येत नाहीत.

तिसरे उत्तर बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांचे. मूळच्या शिल्पकार असलेल्या पुष्पमाला यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात 'नेटिव्ह वीमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स' हा प्रकल्प केला. रविवर्म्याची चांदण्यातील स्त्री, तैलरंगी छापातील लक्ष्मी, वसाहतकालीन मानवमितीच्या छायाचित्रातील तोडा स्त्री अशा पूर्वप्रतिमा त्यांनी रंगवलेले पडदे, वेशभूषा आणि स्वतःचा देह यांच्या साहाय्याने पुन्हा उभ्या केल्या. यंत्रावर चित्र आल्यानंतर त्यात बदल करण्याऐवजी येथे संपादन भिंगासमोरच घडते. पडद्यावरचा कुंचला दिसतो, बनावट दिसते आणि मूळ प्रत कोणती हेही कळते. कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि मोजमापाच्या चौकटीत उभी केलेली तोडा स्त्री एकाच अभिनेत्रीने साकारल्यामुळे, देवता व 'नमुना' या दोन्ही घडवलेल्या प्रतिमाच आहेत हे उघड होते. ज्या काळात प्रतिमेवरील हात अदृश्य करणे सुलभ झाले, त्याच काळात तो ठळक करून दाखवण्याचा हा मार्ग निवडला गेला, ही बाब योगायोगाची मानता येणार नाही.

४. पुष्पिकेचा प्रश्न

मराठी साहित्यपरंपरेला संपादनाच्या नीतीचा विचार परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्या प्रतीच्या अखेरीस त्यांनी आपल्या कार्याची नोंद केली आणि पुढे कोणी त्यात स्वरचित ओव्या घालू नयेत असे बजावले. येथे संपादक दोन गोष्टी करतो. तो पाठ बदलतो, आणि आपण तो बदलला आहे हे कालनिर्देशासह सांगतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने वि. स. सुखटणकर यांच्या नेतृत्वाखाली आकारास आणलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्याच्याही पुढे जाते. निर्धारित संहिता वर आणि नाकारलेले पाठभेद पानाच्या तळाशी, ही तिची रचना. वाचक संपादकाशी असहमत होऊ शकतो, कारण असहमतीचे साहित्य संपादकानेच त्याच्या हाती दिलेले आहे.

थर न मिसळलेली संगणकीय फाइल ही या अर्थाने चिकित्सक आवृत्तीच्या जवळची वस्तू आहे. तीत मूळ छायाचित्र तळाशी सुरक्षित राहते आणि प्रत्येक हस्तक्षेप स्वतंत्र झाकता वा उघडता येतो. एकसपाट प्रत मात्र तळटीपा कापून टाकलेल्या ग्रंथासारखी असते. अडोबीने २०१९ मध्ये घोषित केलेला प्रतिमांच्या सत्यतेविषयीचा उपक्रम आणि २०२१ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेला 'सी-टू-पीए' हा मानक-प्रयत्न प्रतिमेसोबतच तिच्या उगमाची व बदलांची नोंद बांधून देऊ पाहतात. तंत्रज्ञानाच्या परिभाषेत सांगितले जात असले तरी हे पोथीच्या पुष्पिकेचेच नवे रूप आहे; लेखनिक कोण, काळ कोणता, प्रत कशावरून केली, हेच ती सांगते. मात्र पोथीची पुष्पिका पानाला जोडलेली असे. ही नवी नोंद प्रतिमा एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना सहज गळून पडू शकते.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने याचा परिणाम दूरगामी आहे. शब्द आणि चित्र यांच्या आंतरसंबंधांचा, विशेषतः चित्रकथेतील पुनर्कथनांचा अभ्यास करणारा संशोधक आज बहुधा प्रकाशित एकसपाट प्रतीवरच विसंबतो. उद्या एखाद्या रामकथेच्या चित्ररूपाची घडण शोधताना त्याला हस्तलिखित मिळणार नाही, मुद्रितशोधनाची पाने मिळणार नाहीत. मिळाल्या तर थरांच्या फायली मिळतील, आणि त्या वाचणारी प्रणाली तोवर टिकली असेल तरच त्या उघडतील. ग्रंथालये आणि संग्रहालये ज्या काळजीने पोथीचे शेवटचे पान जपतात, त्याच काळजीने ही साधने जपणे आवश्यक आहे. काचेवरील पेन्सिलीने आणि छापावरील रंगाने आपली साक्ष आपणहून मागे ठेवली. फलकावरील लेखणी ती आपणहून ठेवत नाही. ती ठेवायची की नाही, हा निर्णय आता सर्वस्वी संपादकाचा आणि संग्राहकाचा झाला आहे.