खिळ्यांची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की आपणांस दप्तरे, ताम्रपट आणि शिलालेख आठवतात. तुळईत रुतलेला गंजका खिळा हाही अस्सल पुरावा ठरू शकतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. अमेरिकेतील जुन्या लाकडी घरांच्या अभ्यासकांनी मात्र या क्षुद्र वस्तूला साक्षीदाराचा मान दिला आहे.

वसाहतकाळी तेथे लाकूड मुबलक, परंतु लोखंड महाग होते. सोडलेली घरे जाळून राखेतून खिळे वेचण्याची रीत इतकी बळावली, की व्हर्जिनियात १६४५ साली ती कायद्याने बंद करावी लागली. घरधन्यास भरपाईदाखल तितकेच खिळे देण्याचे ठरले. त्या काळचा खिळा लोहाराच्या हातचा, चारही बाजूंनी निमुळता, माथ्यावर हातोड्याचे घाव मिरविणारा असे. १७९० च्या सुमारास यंत्रे पत्र्यातून खिळे कापू लागली. त्यांच्या दोन बाजू समांतर व दोनच निमुळत्या असत. १८८० नंतर पोलादी तारेचे गोल खिळे स्वस्त झाले आणि शतक संपता संपता त्यांनी बाजार व्यापला. खिळ्याच्या घडणीवरून घराचा काळ अजमावता येतो तो असा.

अर्थात ही साक्ष तपासूनच घ्यावी लागते. जुना खिळा नव्या घरात पुन्हा वापरलेला असतो, तर नवा खिळा जुन्या घराच्या डागडुजीत शिरलेला असतो. म्हणून लाकडावरील करवतीच्या खुणा आणि कागदोपत्री नोंदी यांच्याशी त्याचा मेळ घालावा लागतो.

खिळ्यावरून त्याच्या कर्त्यापर्यंतही पोहोचता येते. मानवी समतेचा जाहीरनामा १७७६ साली लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनने १७९४ मध्ये माँटिसेलो येथील आपल्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना काढला. तेथे ऐरणीपाशी राबत ती दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले. जाहीरनामा आपण वर्गात शिकवितो. त्या मुलांचे घाव खिळ्यांच्या माथ्यांवर राहिले.

१९३३ साली अमेरिकन सरकारने बेकार वास्तुशिल्पज्ञांना काम देऊन ऐतिहासिक इमारतींची मोजमापे व आराखडे करून घेण्यास प्रारंभ केला. आराखड्यात घराचा आकार टिकतो. दुरुस्तीच्या वेळी नोंद न करता उपटून फेकलेला खिळा मात्र आपल्या कर्त्याची हकिकत सोबत घेऊन जातो. जुने घर उतरविताना कोणी विद्यार्थ्याने असा खिळा उचलून आणला, तर त्यास तो कोठला, कोणत्या तुळईतला, एवढे आपण अवश्य लिहून ठेवावयास सांगावे.