फिशिंग : तोतयेगिरीची तीस वर्षे

विश्वासू संस्थेचे किंवा परिचित व्यक्तीचे सोंग घेऊन समोरच्याचा पासवर्ड अथवा कार्डक्रमांक काढून घेण्याची लबाडी, म्हणजेच फिशिंग, बँकांच्या व्यवहारात नव्हे, तर गप्पांच्या ठिकाणी रुजली. अमेरिकेतील अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेत बनावट कार्डक्रमांकांच्या आधारे फुकट शिरणाऱ्यांची वाट कंपनीने १९९५ मध्ये क्रमांकांची पडताळणी कडक करून रोखली, तेव्हा त्यांनी आपला मोर्चा इतरांच्या खात्यांकडे वळवला आणि कंपनीचे कर्मचारी असल्याचे भासवून, खात्याची खातरजमा करण्याच्या बहाण्याने, ते सदस्यांकडून पासवर्ड मागू लागले. आपला कोणताही कर्मचारी पासवर्ड विचारत नाही, अशी सूचना कंपनीला संदेशाच्या चौकटीतच द्यावी लागली. ओटीपी, म्हणजे एकाच व्यवहारापुरता चालणारा सांकेतिक क्रमांक, कोणालाही सांगू नका असे बँका आज बजावतात, त्याचा हा आरंभीचा नमुना होय.

ही सूचना तोतया अधिकाऱ्यापासून सावध करते, पण तोतया मित्रापुढे ती दुबळी पडते. इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये समाजमाध्यमांवर उघड असलेल्या माहितीवरून विद्यार्थ्यांचे मित्र शोधून काढले आणि त्या मित्रांच्या नावे ईमेल पाठवून बनावट पानावर विद्यापीठाचा पासवर्ड भरण्यास सुचवले, तेव्हा सुमारे ७२ टक्के विद्यार्थ्यांनी तो भरला. तीच विनंती विद्यापीठातील अनोळखी नावाने गेली, तेव्हा हे प्रमाण १६ टक्के राहिले. या अभ्यासाचे महत्त्व मोठे आहे, कारण अडाणी माणूसच फसतो हा समज, जो फसलेल्याला लाजेने गप्प बसवतो आणि म्हणून भामट्यांच्याच पथ्यावर पडतो, त्याने निराधार ठरवला. पुढे जुलै २०२० मध्ये ट्विटरचेच कर्मचारी फोनवरील अशा बतावणीला बळी पडले आणि बराक ओबामा, बिल गेट्स यांच्या खात्यांवरून लोकांकडे बिटकॉइन मागितले गेले.

मागणी ज्या वाटेने आली, त्या वाटेने तिची शहानिशा होत नाही, हे या साऱ्या घटनांतून दिसते. त्यामुळे फेसबुकवर मित्राने पैसे मागितल्यास त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करणे, आणि बँकेचा दुवा आल्यास तो न उघडता तिचा पत्ता स्वतः टंकित करणे, हेच उपाय भरवशाचे ठरतात. भारतात पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठवता येते.