अंकपत्ता

अंकपत्ता किंवा आयपी पत्ता म्हणजे संगणकीय जाळ्याला जोडलेल्या उपकरणाच्या जोडणीस दिलेला क्रमांक होय. जाळ्यावरील माहिती पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्या व घेणाऱ्या उपकरणाचा अंकपत्ता असतो. अंकपत्ता जाळ्यातील स्थान दर्शवितो. उपकरण वापरणारी व्यक्ती कोण, हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही.

रचना

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीतील अंकपत्ता ३२ बिटांचा असून तो ० ते २५५ दरम्यानच्या चार संख्यांत लिहितात, उदा., १९२.१६८.१.२५. त्याचा आरंभीचा भाग जाळ्याचा व उर्वरित भाग उपकरणाचा असतो. ही विभागणी ‘सबनेट मास्क’ ठरवितो. मास्क २५५.२५५.२५५.० असल्यास पहिल्या तीन संख्या जाळ्याच्या होतात व त्या जाळ्यात २५४ उपकरणांना पत्ते देता येतात.

ही रचना पिनकोडसारखी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. भोसरी औद्योगिक वसाहतीचा ४११०२६ किंवा चाकणचा ४१०५०१ या क्रमांकांत पहिले तीन अंक टपालाची दिशा व शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. मार्गातील राउटरही प्रथम जाळ्याचाच भाग पाहून पॅकेट पुढे धाडतो.

खासगी व सार्वजनिक पत्ते

चौथ्या आवृत्तीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. ते अपुरे पडू लागल्याने काही पत्ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १० ने व १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकी होत. म्हणून भोसरी व चाकण येथील दोन कारखान्यांत १९२.१६८.१.२५ हाच पत्ता निर्वेधपणे असू शकतो. मात्र एकाच जाळ्यात तो दोन यंत्रांना दिल्यास संपर्कात बिघाड होतो. त्यामुळे कारखान्यातील नियंत्रकांना व सीएनसी यंत्रांना सहसा कायम पत्ते देतात. लॅपटॉप व मोबाइल यांना ते डीएचसीपी पद्धतीने तात्पुरते मिळतात. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर राउटर खासगी पत्त्याच्या जागी सार्वजनिक पत्ता घालतो. परिणामी शेकडो उपकरणे बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात.

सहावी आवृत्ती

फेब्रुवारी २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा जागतिक केंद्रीय साठा संपला. सहाव्या आवृत्तीतील पत्ता १२८ बिटांचा असल्याने प्रत्येक उपकरणास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणे शक्य होते. भारतात पत्त्यांचे वाटप ‘आयआरआयएनएन’ ही राष्ट्रीय नोंदणी संस्था करते.

ओळखीच्या मर्यादा

२००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुटवर प्रसिद्ध झालेल्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्यास अटक केली. सेवा पुरवठादाराने अंकपत्त्यावरून दिलेला तपशील भलत्याच ग्राहकाचा निघाला. तोवर त्या निरपराध तरुणास सुमारे ५० दिवस येरवडा कारागृहात काढावे लागले होते. एकच पत्ता वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ग्राहकांकडे, किंवा एकाच वेळी अनेकांकडे, असू शकतो. म्हणून तपासात पत्त्यासोबत अचूक वेळ, कालविभाग व पोर्ट क्रमांक जुळविणे आवश्यक ठरते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे व त्यांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवणे बंधनकारक आहे.