पानाची डावी बाजू

पाहुण्याचें आदरातिथ्य कसें करावें याविषयीं जगांतील बहुतेक समाजांनीं नियम घालून दिले आहेत; परंतु पाहुणा दारीं आल्यावर त्याच्यापुढें पहिला घास कोणता ठेवावा, या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणीं शोधलेला दिसत नाहीं. लढाया, तहनामे आणि सनदा यांच्या पसाऱ्यांत जेवणाचें पान उपेक्षितच राहतें. वास्तविक एखाद्या समाजाची घडण त्याच्या दप्तरांत जशी उमटते, तशीच ती त्याच्या ताटांतही उमटते. अलीकडे आपल्या शहरांतील कित्येक सुशिक्षित घरांत पाहुण्यांपुढें इटालियन पद्धतीचें ‘आंतिपास्तो’चें तबक मांडण्याची हौस दिसूं लागली आहे. ही हौस हसण्यावारी नेण्याचें कारण नाहीं, आणि तिनें दिपून जाण्याचेंही नाहीं. त्या तबकाचा इतिहास काय, आणि आमच्या हिंगोलीसारख्या ज्वारी-हळदीच्या मुलुखांत त्याचा जोडीदार कोणता, एवढेंच आम्हीं या लेखांत पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. ‘पास्ता’ या शेवयांसारख्या पदार्थाच्या आधीं जें येतें तें आंतिपास्तो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. ‘पास्तो’ म्हणजे भोजन. तेव्हां आंतिपास्तो म्हणजे भोजनापूर्वीचें खाणें. मीठ लावून महिनोन् महिने हवेंत मुरविलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप, ऑलिव्हचीं खारवलेलीं फळें, दोनतीन जातींचें चीज, भाजून सोललेली व तेलांत ठेवलेली तांबडी ढोबळी मिरची, शिरक्यांत मुरविलेल्या गाजराच्या व फुलकोबीच्या फोडी, आणि सोबतीला पावाचे काप, असा या तबकाचा सामान्यतः थाट असतो. यांतील बहुतेक पदार्थ थंड, आधीं करून ठेवलेले आणि थोडे थोडे वाढावयाचे असतात. खारट, आंबट, स्निग्ध आणि ताजें यांचा मेळ घालणें हें मांडणाऱ्याचें मुख्य काम. भूक चाळवावी, पण भागवूं नये, हा त्यांतील दंडक.

या रीतीचें मूळ फार जुनें आहे. प्राचीन रोमन लोकांच्या मेजवानीचा पहिला भाग अंडीं, ऑलिव्ह, कोंवळी पालेभाजी व खारवलेले मासे यांचा असे. पंधराव्या शतकांत प्लातिना या विद्वानानें आहारावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यांत हलकीं फळें व पाला आधीं खावा, जड पदार्थ मागाहून खावे, असा आरोग्याचा क्रम सांगितला आहे. पुढें 1570 मध्यें पोपच्या पदरीं असलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पी या पाकशास्त्र्याचा प्रचंड ग्रंथ व्हेनिस येथें प्रसिद्ध झाला. त्यांतील मेजवान्यांत दोन प्रकारचीं वाढपें आलटून पालटून येतात: एक ‘क्रेदेंत्सा’चें, म्हणजे दालनांतील मांडणीच्या मेजावरून येणाऱ्या थंड पदार्थांचें, आणि दुसरें मुदपाकखान्यांतून येणाऱ्या गरम पदार्थांचें. पाहुणे बसण्यापूर्वींच थंड पदार्थ मांडून तयार असत. आजच्या आंतिपास्तोचा जवळचा पूर्वज हाच.

मात्र ‘भोजनापूर्वीं’ या नांवावरून त्याचें स्थान सर्वत्र ठरलेलें होतें असें समजूं नये. पेल्लेग्रीनो आर्तुसी या गृहस्थानें 1891 मध्यें फ्लॉरेन्स येथें पदरमोड करून जें पाकशास्त्राचें पुस्तक छापलें व जें पुढें इटलींत घरोघर गेलें, त्यांत तो सांगतो कीं, तोस्काना प्रांतांत हे चटकदार पदार्थ पहिल्या पातळ पदार्थानंतर वाढतात, इतर प्रांतांत त्याच्या आधीं. आणि त्याला स्वतःला तोस्कानाची रीतच अधिक सयुक्तिक वाटते. ज्या क्रमाला आपण इटलीचा सनातन धर्म समजतों, त्याविषयीं खुद्द इटालियनांतच सव्वाशें वर्षांपूर्वीं असा मतभेद होता.

आतां आपल्याकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत भोजनाचा विधि सविस्तर सांगितला आहे. त्यांत शहाण्या मनुष्यानें आरंभीं डाळिंबासारखीं फळें खावीं असें म्हटलें आहे. म्हणजे प्लातिनाचें मत आपल्या वैद्यांनीं कित्येक शतकें आधींच नोंदलें होतें. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत तर जेवणाच्या प्रारंभीं आलें व मीठ खाणें नेहमीं पथ्यकर आहे असा स्पष्ट उपदेश आहे. अग्नि प्रदीप्त व्हावा, जीभ स्वच्छ व्हावी, हा त्याचा हेतु. स्काप्पी रोममध्यें थंड पदार्थांचीं तबकें सजवीत होता, त्याच शतकांत आमचा वैद्य आल्याच्या तुकड्यावर मीठ घालून तेंच कार्य साधीत होता.

परंतु याहून मनोरंजक गोष्ट मांडणीची आहे. आपल्या पानांत वर मध्यें मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचें. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. आणि मध्यें भात, वरण व तूप, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती अनादि आहे असें वाटावें. सुश्रुत मात्र निराळें सांगतो. त्याच्या मतें फळें व कोरडे पदार्थ उजवीकडे ठेवावे. पाणी, दूध, सार इत्यादि पातळ पदार्थ डावीकडे ठेवावे. आणि गुळाचे व आंबटगोड चाटण्याचे पदार्थ समोर मध्यें ठेवावे. म्हणजे त्याची वांटणी कोरडें आणि पातळ अशी आहे. आपली वांटणी पोटाचें आणि जिभेचें अशी आहे. पुढें कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 1129 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त ‘अन्नभोग’ हें प्रकरण आलें. मराठवाड्याचा बराचसा भाग तेव्हां याच घराण्याच्या सत्तेखालीं होता. त्यानंतर सतराव्या शतकांत तंजावरच्या भोंसल्यांच्या आश्रयाखालीं असलेल्या रघुनाथ पंडितानें ‘भोजनकुतूहल’ लिहिलें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं याच ग्रंथांतून जिलेबीचा इतिहास उकलून दाखविला होता. अशा ग्रंथांवरून एवढें निश्चित दिसतें कीं, आपलें पान शतकानुशतकें बदलत आलें आहे. तें कोणीं एकदां घडवून कायमचें आपल्या हातीं दिलेलें नाहीं.

हा बदल किती मोठा, हें पाहावयाचें तर आमच्याच जिल्ह्याकडे पाहावें. 1 मे 1999 रोजीं परभणीपासून निराळा झालेला हा जिल्हा वयानें लहान, परंतु त्याची स्मृति मोठी आहे. कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जातें. औंढ्याच्या नागनाथापाशीं त्यांना विसोबा खेचर गुरु भेटले अशी कथा आहे. आज या भागांत ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हें त्रिकूट म्हणजे परंपरेची खूण समजलें जातें. पण नामदेवांच्या काळीं, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकांत, या तिहींपैकीं भाकरीच काय ती येथें असूं शकत होती. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांचीं गलबतें 1498 नंतर येऊं लागल्यावर तीं आपल्याकडे पोंचलीं. त्यापूर्वीं तिखटपणाचें काम मिरें, पिंपळी, आलें व मोहरी यांच्याकडे होतें. इटलीची स्थितीही हीच. तेथील तबकांतील तांबडी ढोबळी मिरची आणि टोमॅटो हीं अमेरिकेचींच लेंकरें. टोमॅटोच्या चटणीची छापील कृति प्रथम सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सच्या आंतोनिओ लातिनीच्या पुस्तकांत आढळते. सारांश, हिंगोलीचा ठेचा आणि नेपल्सची तांबडी चटणी हीं एकाच समुद्रपर्यटनाचीं फळें होत. एकाला देशी व दुसरीला परकी म्हणतांना एवढें तरी ध्यानांत असावें.

नामदेवांची एक कथा लहानपणापासून आपण सारे ऐकत आलों आहों. कुत्र्यानें भाकरी पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले; भाकरी कोरडी खाऊं नको, अशी त्यांची विनवणी. या कथेंतून भूतमात्रीं ईश्वर पाहण्याचा उपदेश घेतला जातो, व तो यथार्थच आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें तींत आदरातिथ्याचा एक सिद्धांतही सांठविलेला आहे. भाकरी तर कुत्र्याला मिळालीच होती. पोट भरण्यापुरती सोय झाली होती. उरलें होतें तें तिच्यासोबतचें. नामदेवांची धांव त्या सोबतीसाठीं होती. अन्न देणें हें दान झालें. तें कोरडें न देणें हें अगत्य. पानाची डावी बाजू या दुसऱ्या गोष्टीसाठीं आहे.

असें असतांही या बाजूला आपल्या वाङ्मयांत व व्यवहारांत मान थोडाच. रा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ 1875 मध्यें छापून निघालें. म्हणजे मराठी वाचकाच्या हातीं पाकशास्त्राचें छापील पुस्तक आर्तुसीच्याही सोळा वर्षें आधीं पडलें. पुढें अशा पुस्तकांची रीघ लागली. पण व्यवहारांतील आपला शब्दच पाहा: ‘तोंडीलावणें’. तोंडाला लावावें आणि विसरून जावें! ज्याला आपण असें किरकोळ समजतों, त्यामागें घरच्या स्त्रियांचें वर्षभराचें श्रम असतात. उन्हाळ्यांत कैरीचें लोणचें, पापड, कुरडया, सांडगे. दिवाळीनंतर लिंबाचें लोणचें. हिंवाळ्यांत तीळ, जवस व कारळे भाजून कुटलेल्या चटण्या. अवेळीं पाहुणा आला आणि भाजीची पंचाईत पडली, तर घराची अब्रू याच बरण्या राखतात. इटलींतील डुकराचें मांस, चीज व खारवलेलीं ऑलिव्हें यांचेंही मर्म हेंच: सुगीच्या दिवसांतलें टंचाईच्या दिवसांसाठीं राखून ठेवणें. आज त्यांना श्रीमंती थाट आला असला, तरी त्यांचें कूळ शेतकऱ्याच्या कोठारांतलें आहे.

येथवर दोन्ही पानें भावंडें दिसतात. पण एका बाबतींत त्यांच्यांत भेद आहे, आणि आमच्या मतें खरी शिकण्याची गोष्ट तीच होय. थंड पदार्थांचें तबक एकदां मांडलें कीं, मांडणाऱ्या स्त्रीचें काम संपतें. ती पाहुण्यांच्या पंक्तीला बसूं शकते. आपल्याकडे डावी बाजू तयार असूनही गृहिणी चुलीपाशीं अडकते, कारण उजवी बाजू गरम हवी, पोळी तव्यावरून पानांत पडावयास हवी. पाहुणा जेवून उठतो, पुरुष उठतात, मुलें उठतात, आणि शेवटची पंगत बायकांची होते. त्या वेळीं भाजी तळाला गेलेली असते. जिनें स्वागत केलें तिची पाहुण्याशीं गांठच पडत नाहीं. आम्हांस हें आतिथ्यांतील मोठें व्यंग वाटतें. शिकल्यासवरल्या घरांतून तें अद्यापि नाहींसें झालेलें नाहीं, हें विशेष खेदाचें.

याला उपाय म्हणून परदेशी डबे विकत आणण्याची आवश्यकता नाहीं. हिंगोलीच्या एखाद्या घरीं पौष-माघांत पाहुणे यावयाचे असतील, तर तबकाची सामग्री सारी घरची आहे. ज्वारीची भाकरी पातळ थापून निखाऱ्यावर कडक करावी व तिचे तुकडे पावाच्या जागीं ठेवावे. आंबटाला ओल्या हळदीचें लोणचें घ्यावें. वसमतच्या हळदीला आज भौगोलिक मानांकन लाभलें आहे, आणि ही हळद त्याच सुमारास शेतांतून निघूं लागते. चीजच्या जागीं दह्याचा घट्ट चक्का, वर मीठ, जिरें व थोडें कच्चें तेल. स्निग्धाला जवसाची वा तिळाची चटणी. ताजेपणाला मुळा, गाजर, काकडी, कोंवळी मेथी. कुरकुरीतपणाला खारे शेंगदाणे. जिभेवर आधीं ठेवावयास मीठ लावलेल्या आल्याचे काप व डाळिंबाचे दाणे. ज्यांना चालतें त्यांनीं उकडलेलें अंडें चिरून ठेवावें. रोमन लोकांना तें आवडे. प्रत्येक पदार्थ थोडा असावा, दोन आंबट शेजारीं नसावे, आणि ओलें कोरड्याला लागूं नये, एवढी दक्षता पुरे.

या भागांत अशी बैठक अगदींच नवी नाहीं. हुरड्याच्या दिवसांत शेतांत आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कोंवळीं कणसें भाजलीं जातात, हातावर चोळून गरम दाणे पुढें येतात, आणि भोंवतीं तिळाची, लसणाची, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरें, ओला हरभरा असा मेळा जमतो. तेथें डावी-उजवी नसते. सारे एका वर्तुळांत बसतात, आणि वाढणाराही त्याच वर्तुळांत खातो. सोयाबीन व हळद यांच्यापुढें ज्वारीचें क्षेत्र आतां मागें हटलें आहे. त्याबरोबर ही बैठकही विरळ होत चालली आहे. दिवाणखान्यांत तबक मांडणाऱ्यांनीं तिची आठवण ठेवावी.

परक्या पानापासून एखादी चांगली रीत घेण्यांत कमीपणा नाहीं. मिरची आपण अशीच घेतली आणि आपली केली. तबकाची नक्कल करावी न करावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्या तबकाभोंवतीं घरची गृहिणी पहिल्या घासाला सर्वांबरोबर बसली, म्हणजे तें आपल्या घरांत आल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.