ऐसर, कॅलिकार्पा आणि प्रियंगु : एका वनस्पतिनामाचा इतिहास

वनस्पतींच्या नावांचा अभ्यास हा वनस्पतिशास्त्र आणि भाषाशास्त्र यांच्या सीमेवरील प्रदेश होय. वनस्पतिशास्त्रज्ञास नाव हे केवळ ओळखचिन्ह वाटते, तर भाषाभ्यासक पुष्कळदा वनस्पती न पाहताच तिच्या नावाची व्युत्पत्ती सांगू लागतो. या दोन्ही प्रवृत्तींमुळे कोणते घोटाळे संभवतात, हे सह्याद्रीतील ‘ऐसर’ या लहानशा वृक्षाच्या उदाहरणाने दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाबळेश्वरच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांच्या सदाहरित रानात, विशेषतः रानाच्या कडेला, ऐसर आढळतो. त्याच्या कोवळ्या फांद्या व पानांची खालची बाजू दाट लोकरीसारख्या लवेने मढलेली असते. भिंगातून पाहिल्यास या लवेतील केस तारकाकृती दिसतात. पाने मोठी, समोरासमोर येणारी, वरून गर्द हिरवी व खालून पांढुरकी असतात. पानांच्या बगलेत बारीक, फिकट जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात. प्रत्येक फुलात पाकळ्यांचे चार खंड व चार पुंकेसर असतात. पुढे मिऱ्याएवढी गोल फळे धरतात व ती पिकल्यावर काळपट होतात. शास्त्रीय परिभाषेत या वृक्षास आज ‘कॅलिकार्पा टोमेंटोझा’ म्हणतात. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचे क्षेत्र होय.

या वृक्षाचा लेखनिविष्ट इतिहास महाबळेश्वरी सुरू होत नाही, तो मलबारात सुरू होतो. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध करविलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या चौथ्या भागात हा वृक्ष ‘तोंडि-तेरेगम्’ या मलयाळी नावाने येतो. मराठी अभ्यासकास या ग्रंथाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोंकणीभाषी वैद्यांचे साक्षपत्र त्याच्या पहिल्या भागात नागरी लिपीत छापलेले आहे. भारतीय जाणकारांचे ज्ञान त्यांच्याच लिपीत युरोपीय ग्रंथात उतरल्याचे हे एक फार जुने उदाहरण होय.

‘तेरेगम्’ हे पद त्याच ग्रंथात खरखरीत पानांच्या उंबरवर्गीय वृक्षांस लाविलेले आढळते. मराठीत अशाच एका वृक्षाला ‘खरवत’ म्हणतात. त्याच्या पानांनी लाकूड घासून गुळगुळीत करीत असत. ‘खर’ म्हणजे खरखरीत, हा त्यातील अर्थ उघड आहे. यावरून लोकांचे नामकरण पुष्कळदा हाताला लागणाऱ्या स्पर्शावर आधारलेले असते, हे ध्यानात येते. तमिळमध्ये ऐसराची दोन नावे आहेत. ‘काट्टुक्कुमिळ्’ म्हणजे रानशिवण, आणि ‘वेट्टिलैप्पट्टै’ म्हणजे विड्याच्या पानाची साल. पहिल्यात शिवणीशी असलेले साम्य टिपले आहे, तर दुसऱ्यात पानाऐवजी या झाडाची साल चघळण्याची रीत नोंदली आहे. दोन्ही नावे अनुभवातून आली आहेत.

आता लिनियसचे नामकरण पाहू. 1753 च्या ‘स्पेसिस प्लांटारुम’ या ग्रंथात त्याने ‘कॅलिकार्पा’ ही प्रजाती स्थापिली, ती अमेरिकेतील एका झुडुपावरून. ‘कॅल्लोस’ म्हणजे सौंदर्य व ‘कार्पोस’ म्हणजे फळ, या ग्रीक शब्दांचा हा समास आहे. अमेरिकी झुडुपाची झळझळीत जांभळी फळे फांदीला गोल वेढून बसतात, तेव्हा ते नाव तेथे सार्थ आहे. इंग्रजीतील ‘ब्यूटीबेरी’ हा त्याचाच अनुवाद. आपला वृक्ष मात्र त्याच ग्रंथात ‘टोमेक्स टोमेंटोझा’ या निराळ्या नावाने आला. 1771 मध्ये लिनियसने त्यास कॅलिकार्पात घेऊन ‘लानाटा’ हे नवे विशेषण दिले. 1774 मध्ये ‘कॅलिकार्पा टोमेंटोझा’ हा संयोग प्रसिद्ध झाला. ‘टोमेंटोझा’ व ‘लानाटा’ या दोहोंचाही अर्थ लवदार, लोकरी असाच आहे. म्हणजे प्रजातिनाम डोळ्यांनी पाहिलेल्या परदेशी फळाचे, तर जातिनाम स्पर्शाने जाणवणाऱ्या येथील पानाचे. मलबारी वैद्य आणि स्वीडिश पंडित या दुसऱ्या बाबतीत एकाच खुणेपाशी, म्हणजे पानाच्या पृष्ठापाशी, येऊन थांबले.

1828-29 च्या सुमारास सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरी थंड हवेचे ठाणे वसविले आणि मुंबई इलाख्यातील वनस्पतिसंशोधनास एक केंद्र मिळाले. टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम याची मुंबईच्या वनस्पतींची सूची 1839 मध्ये निघाली. ती पुरी होण्यापूर्वीच तो खंडाळ्यास मृत्यू पावला, व उरलेले काम जोसेफ निम्मो याने केले. इलाख्याचा पहिला वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन आणि डाल्झेल यांचा ग्रंथ 1861 मध्ये आला. न्यायाधीश बर्डवुड याने महाबळेश्वर व माथेरान येथील वनस्पतींची यादी मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात दिली. थिओडोर कुक याचा इलाख्याचा वनस्पतिग्रंथ 1901 ते 1908 या काळात पूर्ण झाला. त्यात हा वृक्ष ‘कॅलिकार्पा लानाटा’ म्हणून नोंदला आहे. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने 1753 चे जुने विशेषण मान्य ठरले आणि ‘लानाटा’ मागे पडले. कुल बदलले तेही ध्यानात ठेवावे : जुन्या ग्रंथांत व्हर्बिनेसी म्हणजे निर्गुडीच्या कुलात असलेली ही प्रजाती 1990 नंतरच्या वर्गीकरणात लॅमिएसी म्हणजे तुळशीच्या कुलात गेली. जुनी पुस्तके चाळणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही नावांखाली व दोन्ही कुलांत शोध घेतला नाही, तर अर्धी सामग्री त्याच्या हातून निसटेल.

या इंग्रज ग्रंथकारांनी देशी नावे टिपली हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ती रोमन लिपीत टिपली. ‘Aisar’ असे पाच अक्षरी रोमन रूप डोळ्यांपुढे असता ते ऐसर, ऐसार की ऐशर, हे त्या लेखनावरून ठरत नाही. ते उच्चारणाऱ्या माणसाकडूनच ठरते. बोलणारा गेला की लिखित नाव मुके होते.

याहून गंभीर प्रश्न ‘प्रियंगु’ या संस्कृत नावाचा आहे. वैदिक वाङ्मयात प्रियंगु हे धान्य, म्हणजे आपला राळा. अमरकोशात हे नाव दोन ठिकाणी येते : वैश्यवर्गात धान्य म्हणून, आणि वनौषधिवर्गात श्यामा, फलिनी इत्यादी पर्यायांसह वनस्पती म्हणून. या दुसऱ्या प्रियंगूचे अर्थ प्रांतपरत्वे भिन्न झाले. उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याकडील ‘कॅलिकार्पा मॅक्रोफिला’ प्रियंगु मानतात, दक्षिणेत ‘अग्लाया’ प्रजातीतील वृक्ष, तर महाराष्ट्रात ‘गव्हला’ या नावाने विकले जाणारे, बदामाच्या गोत्रातील एका झाडाच्या फळातील गर. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने कॅलिकार्पा मॅक्रोफिलाचा पुष्पगुच्छ हाच अधिकृत प्रियंगु ठरविला आहे.

येथे धोका असा की, कॅलिकार्पा म्हणजे प्रियंगु, आणि ऐसर म्हणजे कॅलिकार्पा. सबब ऐसर म्हणजे प्रियंगु, असे अनुमान सहज केले जाते. पहिले विधान एका जातीपुरतेच खरे आहे. कॅलिकार्पा प्रजातीत सुमारे दीडशे जाती आहेत. प्रजातीचे ऐक्य म्हणजे द्रव्याचे ऐक्य नव्हे. कोशात पडलेली अशी एक चूक वैद्याच्या खलापर्यंत जाऊ शकते; तेथे ती केवळ शब्दाची चूक राहत नाही.

म्हणून परिभाषा सिद्ध करणाऱ्यांपुढे तीन मार्ग दिसतात. ‘ब्यूटीबेरी’चे शब्दशः मराठीकरण करावे, तर काळपट फळाच्या झाडास परक्या फळाचे सौंदर्य चिकटेल. ‘प्रियंगु’ म्हणावे, तर औषधात गोंधळ होईल. तिसरा मार्ग साधा आहे. झाडाला ऐसर म्हणावे, शास्त्रीय नाव नागरीत सोबत द्यावे, आणि ते नाव कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून, कोणते झाड दाखवून ऐकले, याची नोंद ठेवावी. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने महाबळेश्वर व परिसराच्या वनस्पतींचे दोन खंड 1993 व 1995 मध्ये प्रसिद्ध केले आहेत. वनस्पतींची गणना त्यामुळे पुष्कळशी झाली. नावांची गणना मात्र भाषेच्या विद्यार्थ्यांनी करावयाची आहे. जावळी आणि वाई तालुक्यांतील गावे त्यासाठी एका दिवसाच्या अंतरावर आहेत.